नवें शीड घ्यावें काय?

पुण्याच्या बुधवार पेठेंत, अप्पा बळवंत चौकाकडे, शाळा-कॉलेजें उघडण्याच्या दिवसांत कोणीहि जावें. एक प्रश्न तेथें हमखास ऐकूं येतो. विद्यार्थी मागील वर्षाची प्रत आणि यंदाची प्रत शेजारीं ठेवतो, दोन्हींचीं पानें चाळतो, आणि दुकानदारास विचारतो, "यांत खरोखर बदललें काय?" अभ्यासक्रम बदलला असेल, तर जुनें पुस्तक फुकट मिळालें तरी महाग पडतें. केवळ वेष्टन बदललें असेल, तर जुन्या पुस्तकांतील गणितें सोडवूनहि तितकेच गुण मिळतात. तेथून थोड्याच अंतरावर तपकीर गल्लींत, विजेच्या उपकरणांच्या दुकानांतून, हाच प्रश्न निराळ्या शब्दांत बारा महिने चाललेला असतो. नवा नमुना बाजारांत आला, एवढ्यासाठीं घरांतील चालता नमुना टाकावा काय?

या प्रश्नाचें एक मोठें बोधप्रद उदाहरण पेठेपासून बरेंच दूर, पाण्यावर सांपडतें. विंडसर्फिंग, म्हणजे शिडाच्या फळीचा खेळ, आज गोव्याच्या व मुंबईच्या पाण्यावर खेळला जातो. पुण्यास समुद्र नाहीं हें खरें. परंतु शिडांचा हिशेब पुण्यास अगदींच परका नाहीं. पेशव्यांचें आरमार विजयदुर्गास धुळपांच्या हातीं होतें, आणि त्याच्या जमाखर्चाचे कागद पुण्याच्या दफ्तरांत येत असत. आज पुण्याचा तरुण सुट्टींत किनाऱ्यावर जातो, फळीवर उभें राहण्यास शिकतो, आणि घरीं परततांना त्याच्या मनांत एक रंगीत जाहिरात घोळत असते. यंदाचें सर्वांत उंची शीड अधिक हलकें आहे, अधिक वेगवान आहे, मागील वर्षाच्या शिडाहून सर्व बाबतींत सरस आहे, असें ती सांगते. हें सांगणें कितपत खरें, आणि खरें असलें तरी तें कोणासाठीं खरें, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वीं झालेला बरा.

हा खेळ दिसावयास सोपा आहे. एक रुंद फळी, तिच्या मध्यावर चोहोंकडे वळणाऱ्या सांध्यावर उभी केलेली डोलकाठी, त्या काठीवर खोळीसारखें चढविलेलें त्रिकोणी शीड, आणि शिडाच्या दोन्ही अंगांनीं गेलेला कमानदार दांडा, जो खेळाडूनें हातांनीं धरावयाचा. सुकाणू नाहीं, बैठक नाहीं. डोलकाठी पुढें कलविली कीं फळीचें तोंड वाऱ्यापासून दूर वळतें. मागें कलविली कीं तें वाऱ्याकडे वळतें. माणसाचें अंग हेंच या नौकेचें अर्धें यंत्र असतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे, कारण बाजारांत विकत मिळतें तें उरलेलें अर्धें.

अमेरिकेंतील होईल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोघांस या साधनाचें पेटंट १९७० सालीं मिळालें. ड्रेक हे विमानविद्येचे अभियंते होते. पुढें या पेटंटाचा वाद इंग्लंडच्या न्यायालयांत गेला, तेव्हां पीटर चिल्व्हर्स नांवाच्या एका बारा वर्षांच्या मुलानें १९५८ सालीं हेलिंग बेटाजवळ अशाच तऱ्हेची शिडाची फळी चालविली होती, ही गोष्ट पुराव्यांत आली. आणि १९८५ सालीं तें पेटंट इंग्लंडांत टिकलें नाहीं. एका शाळकरी मुलानें घरगुती सामानावर जो आनंद मिळविला, तोच पुढें मोठ्या व्यापाराचा विषय झाला. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें हा खेळ ऑलिंपिकमध्यें आला, आणि १९९२ सालापासून स्त्रियांच्या स्वतंत्र शर्यती सुरू झाल्या.

आरंभींचें शीड म्हणजे पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाचा मऊ त्रिकोण होता. वाऱ्याचा झोत आला कीं तें कापड ताणलें जाई, शिडाचें पोट मागें सरके, दाबाचा मध्यहि त्याबरोबर मागें सरके, आणि खेळाडूच्या हातांना एकाएकीं हिसका बसे. वारा वाढला म्हणजे असलें शीड आवरणें हें बळाचें काम होई. हा दोष काढण्यासाठीं पुढील काळांत कित्येक सुधारणा झाल्या. शिडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लांब कामट्या घातल्या गेल्या. त्यामुळें शिडाचा आकार वारा नसतांनाहि कायम राहूं लागला. विणलेल्या कापडाच्या जागीं पारदर्शक फिल्म आली, जी ताणानें फारशी वाढत नाहीं. कामट्यांच्या टोकांस डोलकाठीवर बसणारे चिमटे आले, त्यांनीं शिडाच्या पुढच्या कडेस पक्ष्याच्या पंखासारखी गोलाई दिली. डोलकाठी कांचतंतूची होती ती कार्बनची झाली, म्हणजे हलकी आणि चटकन् पूर्वस्थितीवर येणारी झाली.

यांतील सर्वांत महत्त्वाची सुधारणा मात्र डोळ्यांस दोषासारखी दिसते. आजचें शीड खालच्या दोरीनें नीट ओढलें म्हणजे डोलकाठी वाकते, आणि शिडाच्या वरच्या भागाची मागील कड सैल, लोंबती होते. नवशिक्यास वाटतें कीं शीड चुकीचें बांधलें गेलें. वस्तुतः तो सैलपणा मुद्दाम ठेवलेला असतो. झोत आला कीं वरचा भाग आपोआप वळतो, जादा वारा सोडून देतो, आणि खेळाडूचा तोल राखतो. झोत ओसरला कीं तो पुन्हां जागेवर येतो. जुन्या शिडांत हें काम खेळाडूस आपल्या खांद्यांनीं करावें लागे.

या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्यांचा लाभहि खरा आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वींचें मऊ शीड वापरणाऱ्या माणसानें आजचें साधें, मध्यम प्रतीचें शीड हातीं धरलें, तर दोहोंतील अंतर पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या ध्यानांत येईल. अशा माणसानें नवें शीड घ्यावें, यांत वाद नाहीं. वाद आहे तो निराळ्या ठिकाणीं. ज्याच्यापाशीं तीन-चार वर्षांपूर्वींचें, चांगल्या स्थितींतील शीड आहे, त्यानें यंदाचें सर्वांत उंची शीड घ्यावें काय? मोठ्या सुधारणांना एकेक दशक लागलें. नवा नमुना मात्र बहुधा दर वर्षीं निघतो. दोन लागोपाठच्या वर्षांतील फरक बहुतेक वेळां कांहीं ग्रॅम वजनाचा, एखाद्या कामटीच्या जागेचा आणि पुष्कळसा रंगाचा असतो.

हा फरक केवढा मोठा किंवा लहान, हें पाहण्यास थोडें अंकगणित पुरेसें आहे. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. १२ नॉटांचा, म्हणजे ताशीं सुमारें २२ किलोमीटरचा वारा १५ नॉटांचा झाला, तर वेग सव्वापट होतो, परंतु त्याच शिडावरील दाब दीडपटीहूनहि अधिक होतो. वेगळ्या रीतीनें सांगावयाचें तर, १२ नॉटांच्या वाऱ्यांत साडेसात चौरस मीटरचें शीड जेवढा जोर देतें, तेवढाच जोर १५ नॉटांत ४.८ चौरस मीटरचें शीड देतें. एका दुपारीं दोन तासांत वाऱ्यांत एवढा बदल सहज होतो. त्या दिवशीं ज्याच्याजवळ योग्य मापाचें जुनें शीड आहे तो सुखानें खेळतो. आणि ज्याच्याजवळ अयोग्य मापाचें, पण अगदीं यंदाचें शीड आहे, तो एक तर पाण्यावर थबकून बसतो, नाहीं तर वाऱ्यानें फेकला जातो. माप चुकलें तर नमुन्याचें वर्ष त्याची भरपाई करूं शकत नाहीं.

आतां उंची शिडाचा खरा गुण कोठें दिसतो तें पाहूं गेल्यास असें आढळतें कीं, तो वाऱ्याच्या वरच्या टोकाला दिसतो. वारा जोराचा आहे, पाणी खवळलेलें आहे, मोठें शीड घेऊन शेवटच्या शक्य वेगापर्यंत जावयाचें आहे, अशा प्रसंगीं चिमट्यांचें, ताठ आकाराचें शर्यतीचें शीड स्थिर राहतें आणि साधें शीड डळमळूं लागतें. कोंकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा संपल्यापासून पुढील उन्हाळ्यापर्यंत खेळाडूला बहुधा भेटतात ते दुपारचे खारे वारे. जमीन तापली कीं समुद्रावरून ते येतात, संध्याकाळीं मंद होतात, आणि रात्रीं मतलई वारे उलट दिशेस वाहूं लागतात. हे खारे वारे बहुधा मध्यम असतात. ज्या वादळी वाऱ्यासाठीं तें उंची शीड शिवलेलें आहे, त्या वाऱ्यांत, विशेषतः पावसाळ्यांत, शहाणा माणूस फळी पाण्यांत घालीतच नाहीं. म्हणजे ज्या गुणासाठीं दाम मोजावयाचे, तो गुण वर्षांतील बहुतेक दिवस खोळींत गुंडाळूनच राहणार.

नवशिक्याच्या बाबतींत तर उंची शीड मदत करण्याऐवजीं अडचणच करतें. शर्यतीच्या शिडाची डोलकाठीभोंवतीची खोळ रुंद असते. शीड पाण्यांत पडलें कीं ती खोळ पाण्यानें भरते, आणि तें जड झालेलें शीड उचलतां उचलतां शिकणाऱ्याचे हात भरून येतात. चिमट्यांमुळें शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस सहजपणें पलटतहि नाहीं. शिकणारा दिवसांतून पन्नास वेळां पडतो. त्याला पन्नास वेळां हलकेपणानें उचलतां येईल असें साधें, बिनचिमट्यांचें शीड हवें. अजून धड लिहितां न येणाऱ्या मुलाच्या हातीं सोन्याचें टांक दिल्यानें अक्षर सुधारत नाहीं, उलट टांक सांभाळण्यांतच त्याचें लक्ष गुंततें, तसाच हा प्रकार.

किंमतीच्या बाबतींत आणखी एक गोष्ट जाहिरातींत बारीक अक्षरांत असते. शीड ही एकटी वस्तु नाहीं. प्रत्येक शीड विशिष्ट लांबीच्या, विशिष्ट ताठपणाच्या आणि विशिष्ट तऱ्हेनें वाकणाऱ्या डोलकाठीसाठीं कापलेलें असतें. काठी वरच्या टोकाला अधिक वाकते कीं सर्वत्र सारखी वाकते, यावर शिडाचा आकार अवलंबून असतो. आणि निरनिराळ्या कारखान्यांच्या काठ्या निरनिराळ्या तऱ्हेनें वाकतात. जुन्या काठीवर नवें शीड चढविलें आणि दोहोंचें जमलें नाहीं, तर पोट भलतीकडेच येतें, मागील कड नको तेथें ताठ राहते, आणि उंची शीड साध्याहून वाईट चालतें. मग नवी काठी घ्यावी लागते, कधीं दांडाहि बदलावा लागतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत होते. शर्यतीच्या एखाद्या उंची शिडाची आणि त्याच्या पूर्ण कार्बनच्या डोलकाठीची किंमत, परदेशांतून मागविण्याचा खर्च आणि जकात धरतां, लाख रुपयांच्या पलीकडे सहज जाते.

उलट पक्षीं, जुन्या शिडाचा आंधळा अभिमानहि उपयोगी नाहीं. "जुनें तें सोनें" ही म्हण फिल्मच्या शिडास लागू पडत नाहीं. सुती शिडास ठिगळ लावून खलाशी त्यास वर्षानुवर्षें जगवीत. फिल्मचा स्वभाव निराळा आहे. उन्हांतील अतिनील किरणांनीं ती हळूहळू ठिसूळ होते, धुरकट पांढरी पडते, आणि एके दिवशीं कांचेप्रमाणें तडकते. समुद्राच्या पाण्यांतील मीठ वाळून त्याचे कण घड्यांत राहतात व फिल्म घांसतात. वाऱ्यांत फडफडत ठेवलेलें शीड चालविलेल्या शिडाहून लवकर झिजतें. शिलाईचा दोराहि उन्हानें मरतो. बाहेरून शीड धड दिसतें, पण टाक्यावरून नख ओढलें कीं दोरा भुकटीसारखा सुटतो.

येथें प्रश्न पैशांपुरता राहत नाहीं. किनाऱ्यापासून एक किलोमीटर आंत गेलेल्या माणसाचें शीड मधोमध फाटलें, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला, तर स्वतःच्या बळावर परत येणें त्यास अशक्य होतें. अशा वेळीं फळी सोडून पोहूं लागणें हा सर्वांत मोठा धोका; फळी तरंगते आणि दुरूनहि दिसते, माणसाचें डोकें दिसत नाहीं. म्हणून जें शीड वांकविलें असतां फिल्मला तडे जातात, ज्याचे टाके नखानें सुटतात, ज्याची खोळ दांड्याच्या जागीं चिरली आहे, तें शीड किती आवडतें असलें तरी समुद्रांत नेऊं नये. त्याच्या मालकानें नवें शीड घेणें ही चैन समजूं नये. तें जिवाचें मोल आहे. मात्र त्यालाहि यंदाचें सर्वांत उंचीच शीड लागतें असें नाहीं. धडधाकट शीड लागतें.

शर्यतींतील खेळाडूंचें काय, असा आक्षेप येथें कोणी घेईल. त्यांना तर नवें शीड हवेंच ना? याचें उत्तर दोन भागांत द्यावें लागतें. कांहीं शर्यती खुल्या असतात. तेथें ठरलेल्या मर्यादेंत ज्यानें त्यानें आपलें साधन निवडावयाचें असतें. तेथें क्षणाच्या अंशानें निकाल लागतो, आणि तेथील अग्रगण्य खेळाडूस नव्या शिडाचा तो थोडासा लाभ सोडतां येत नाहीं. परंतु दुसऱ्या, आणि फार मोठ्या प्रतिष्ठेच्या, शर्यती एकाच साधनाच्या असतात. ऑलिंपिकमध्यें सर्वांना एकाच बनावटीची फळी आणि एकाच बनावटीचें शीड वापरावें लागतें. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत, जें २०२१ सालीं झालें, तें साधन आर.एस.एक्स. या नांवाचें होतें; पुरुषांच्या शिडाचें क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर आणि स्त्रियांच्या साडेआठ.

२०२३ सालच्या सप्टेंबरांत चीनमधील हांगचौ येथील आशियाई खेळांत भारताच्या इबाद अली यानें पुरुषांच्या विंडसर्फिंगमध्यें ब्राँझपदक मिळविलें. तें पदक याच आर.एस.एक्स. साधनावरचें होतें. त्या वेळीं या साधनाची रचना पंधरा वर्षांहून अधिक जुनी झालेली होती, आणि ऑलिंपिकनें तिला निरोपहि दिलेला होता. तरीहि त्या स्पर्धेंत कोण पुढें आणि कोण मागें हें ठरलेंच, कारण शीड सर्वांचें सारखें होतें. सारख्या शिडावर जें अंतर पडतें तें वारा ओळखण्याचें, सुरुवातीची रेषा साधण्याचें, वळण घेण्याचें आणि अंगांतील दमाचें. तें अंतर कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.

दुसरी बाजूहि त्याच इतिहासांत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठीं साधन बदललें. फळीच्या तळाशीं पाण्यांत विमानाच्या पंखासारखें एक अंग बसविलें गेलें, त्यास फॉइल म्हणतात. वेग आला कीं फॉइल फळीला पाण्याबाहेर उचलतें, पाण्याचा विरोध एकदम घटतो, आणि खेळाडू जणूं हवेंतून जातो. पुरुषांचें शीड नऊ चौरस मीटरचें आणि स्त्रियांचें आठ चौरस मीटरचें झालें. ज्यास त्या शर्यतींत उतरावयाचें आहे, त्यास जुन्या शिडावर प्रेम करून चालणार नाहीं. अप्पा बळवंत चौकांतील भाषेंत सांगावयाचें तर, येथें अभ्यासक्रमच बदललेला आहे. जुनें पुस्तक कितीहि जपलेलें असो, परीक्षा नव्या पुस्तकावर होणार. पण ज्यास परीक्षेस बसावयाचें नाहीं, केवळ फॉइलवर उभें राहून पाहावयाचें आहे, तो प्रथम आपल्या जुन्या शिडावरहि शिकूं शकतो.

आतां बुधवार पेठेंतील एखाद्या तरुणाचें उदाहरण कल्पनेनें घ्यावें. वडिलांचें लहानसें दुकान आहे, मुलास नोकरी लागून दोन वर्षें झालीं आहेत, आणि वर्षांतून दहा-बारा दिवस त्याला किनारा लाभतो. त्याच्यापाशीं दुसऱ्याकडून घेतलेलें सहा चौरस मीटरचें शीड आहे. तें धड आहे, पण मंद वाऱ्यांत त्यावर फळी वेग घेत नाहीं. त्याच्या मित्रमंडळींत एकजण यंदाचें शीड घेऊन येतो आणि भराभर पुढें जातो. या तरुणास वाटतें, आपलें साधन मागें पडलें. तो कर्ज काढण्याचा विचार करूं लागतो. किंवा कर्ज नको म्हणून खेळच सोडण्याचा विचार करूं लागतो. हा दुसरा विचार अधिक वाईट. चांगल्या साधनावांचून हा खेळ आपला नव्हे, असें एकदां मनानें घेतलें, म्हणजे समुद्र हा श्रीमंतांच्याच मालकीचा ठरतो.

त्या तरुणानें प्रथम कांहीं साधे प्रश्न विचारावे. मित्राचें वजन किती आणि आपलें किती? नव्वद किलोच्या माणसास लागणारें शीड साठ किलोच्या माणसास झेपत नाहीं, आणि साठ किलोच्या माणसाचें शीड नव्वद किलोच्या माणसास ओढीत नाहीं. मित्राचें शीड किती चौरस मीटरचें आहे? तें साडेसातचें असेल, तर तो पुढें गेला तो मापामुळें. नव्या नमुन्याचा त्यांत फार थोडा भाग. आपलें शीड पुरेसें ताणलें होतें काय? खालची दोरी दोन-तीन सेंटिमीटर कमी ओढली गेली, तरी शीड निराळेंच वागूं लागतें, आणि या चुकीस एक पैहि न लागतां उपाय आहे. आणि शेवटचा प्रश्न, जो विचारणें सर्वांत अवघड: मित्र गेल्या वर्षीं किती दिवस पाण्यावर होता?

या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे खर्चाचा क्रम आपोआप लागतो. पहिला पैसा दिवसांवर खर्चावा: प्रवास, मुक्काम आणि जाणत्या शिक्षकाची दोन-चार दिवसांची शिकवणी. दुसरा पैसा मापावर: मंद वाऱ्यासाठीं एक मोठें शीड, तें जुनें पण तपासून घेतलेलें, आणि शक्य तर आपल्याच काठीवर बसणारें. तिसरा पैसा सुरक्षिततेवर: अंगावरचें तरंगतें जाकीट, नवी दोरी, झिजलेला सांधा बदलणें; कारण डोलकाठीचा सांधा तुटला तर शीड आणि फळी वेगवेगळीं होतात. या तिन्हींनंतर जो पैसा उरेल त्याचें यंदाचें शीड खुशाल घ्यावें. नवा नमुना आला कीं मागील वर्षाच्या न विकल्या गेलेल्या शिडांची किंमत उतरते, ही गोष्टहि विसरूं नये. वर्षभर थांबण्याची ज्याची तयारी आहे, त्याला तेंच शीड कमी पैशांत मिळतें.

येथें कोणी म्हणेल, "हौसेला मोल नसतें." तें म्हणणें अगदीं योग्य आहे. ज्याच्यापाशीं पैसा आहे आणि ज्याला नव्या शिडाच्या स्पर्शांतच आनंद वाटतो, त्याला अंकगणित ऐकविण्याचें कारण नाहीं. अशा हौशी माणसांचा इतरांस उपयोगहि होतो. तो नवें घेतो म्हणून त्याचें दोन वर्षांचें चांगलें शीड बाजारांत येतें, आणि तें एखाद्या शिकणाऱ्याच्या हातीं पडतें. अप्पा बळवंत चौकांत वरच्या वर्गांतील मुलाचें पुस्तक खालच्या वर्गांतील मुलाकडे जातें, आणि त्या देवघेवींतून गरिबांचीं मुलेंहि शिकतात. किनाऱ्यावरील खेळहि याच देवघेवीनें वाढतो. हौशी माणसाकडून एवढीच अपेक्षा असावी कीं त्यानें हौसेला हौसच म्हणावें, गरज म्हणून ती दुसऱ्याच्या गळीं उतरवूं नये. आणि जुनें शीड तें ठिसूळ होईपर्यंत माळ्यावर न ठेवतां, धड असतांनाच पुढें द्यावें.

जें शीड हातीं आहे त्याचें आयुष्य वाढविणें हाहि एक प्रकारचा लाभच आहे, आणि तो फार स्वस्त आहे. खेळून आल्यावर गोड्या पाण्यानें शीड धुवावें, सावलींत वाळवावें, ताण सोडून, कामट्यांच्या रेषेनें गुंडाळून ठेवावें, घडी घालूं नये, उन्हांत उभ्या मोटारींत तासन् तास ठेवूं नये, किनाऱ्यावर टेकतांना वाऱ्यांत फडफडूं देऊं नये. लहान भोंक पडलें तर त्याच दिवशीं चिकटपट्टी लावावी, कारण फिल्मवरील लहान चीर पुढील झोतांत हातभर होते. एवढी निगा राखणाऱ्याचें मध्यम प्रतीचें शीड, निगा न राखणाऱ्याच्या उंची शिडापेक्षां अधिक वर्षें टिकतें. अतिहलकीं शिडें बहुधा पातळ फिल्मचीं असतात, म्हणून त्यांना तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

सारांश, नवें शीड घेण्यास योग्य कारणें चार आहेत. जुनें शीड खरोखर मेलेलें असणें. आपल्या वजनास वा किनाऱ्यावरील वाऱ्यास लागणारें माप आपल्यापाशीं नसणें. ज्या शर्यतींत उतरावयाचें तिचा नियमच बदलणें. आणि खुल्या शर्यतींत इतकें कौशल्य आलेलें असणें कीं आतां उरलेला फरक साधनाचाच आहे. यांपैकीं पहिलें कारण जिवाचें आहे, तेथें काटकसर करूं नये. चौथें कारण फार थोड्यांच्या वांट्यास येतें, आणि तें ज्यांच्या वांट्यास येतें त्यांना कोणाचा सल्ला लागत नाहीं. बाकीच्यांनीं दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं पुस्तकाच्या दुकानांतील विद्यार्थ्याप्रमाणें विचारावें, "यांत खरोखर बदललें काय?" आणि उत्तरांत केवळ वर्ष आणि रंग ऐकूं आला, तर पैसे खिशांत ठेवून गोव्याच्या गाडीचें तिकीट काढावें. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारीं खारा वारा सुटतो, तेव्हां तो शिडावर कोणत्या सालाचा शिक्का आहे तें पाहत नाहीं. शीड योग्य मापाचें आहे काय, नीट ताणलें आहे काय, आणि दांडा धरणाऱ्या हातांना त्याची ओळख आहे काय, एवढ्यांवरच फळीची धांव ठरते.